वीस ग्रॅम कडू

जगात आवडीने कडू खाणारी माणसं असतात, हे मला मान्य आहे. पहाटे चारला उठून गार पाण्याने आंघोळ करणारीही असतात. अशा माणसांकडे मी आदराने आणि जरा लांबून बघतो. आमच्या कचेरीत रोज सकाळी कारल्याचा रस पिऊन येणारे एक गृहस्थ होते. त्यांची प्रकृती ठणठणीत होती आणि त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

कडूशी माझं वैर जुनं आहे. आमचं गाव नागाव, तालुका अलिबाग. पावसाळा सरता सरता तापाची साथ सुरू झाली, की आजी परसातलं ओलं किराईत उपटून आणायची, त्याचा काढा आटवायची आणि आम्हा चौघा भावंडांना भिंतीला टेकवून ओळीने पाजायची. नाक धरून प्यायलं तरी ते कडू कानापर्यंत पोचायचं. वर गुळाचा खडा मिळे, पण तोही बिचारा कडू होऊनच पोटात जाई. कुणी तोंड वाकडं केलं की आजी म्हणायची, "जिभेला लागलं नाही, तर तापाला काय लागणार?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्यामुळे साठी उलटल्यावर माझ्याच मुलाने, "बाबा, बिअरमधली खरी गंमत तिच्या कडूपणात असते," असं फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी आजी आठवली. नंतर लगेच पेन्शन आठवली.

पेन्शन आठवण्याचं कारण असं, की मी दारूबंदी खात्याचा निवृत्त कारकून आहे. १९७८ साली लागलो, २०१४ साली सुटलो. लागलो तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. १९८१ साली ते रायगड झालं आणि शिल्लक छापील फॉर्मांवरचं 'कुलाबा' खोडून 'रायगड' लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर सुधारलं ते तेव्हापासून. छत्तीस वर्षांत दारूचा थेंब मी चाखला नाही, पण कागदावर तिचे सगळे प्रकार ओळखतो. बल्क लिटर, प्रूफ लिटर, जप्त, नष्ट. माडीचा हिशेबही माझ्याच टेबलावर असे. माडी काढायची तर त्या माडाचा परवाना लागतो आणि झाडावर नंबर पडतो. आमच्या किनाऱ्यावर माणसांना रेशनकार्डं मिळायच्या कितीतरी आधी माडांना नंबर मिळाले होते.

अशा माणसाच्या पोटी बिअर करणारा मुलगा जन्मावा, यात देवाची काहीतरी योजना असणार. बिअर पिणारा नव्हे, करणारा. पितात सगळेच, त्याचं विशेष नाही. हा अमेरिकेत, ओरेगन संस्थानात, पोर्टलंड नावाच्या गावी इंजिनिअर आहे आणि रविवारी गॅरेजमध्ये वीस लिटरचं पातेलं चढवतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आधी दार लावून घेतलं. फोन आपल्याच घरात, मुलगा बारा हजार किलोमीटरांवर. पण सवय म्हणून एक असते.

"बाबा, इथे कायदेशीर आहे," तो हसून म्हणाला. "कार्टरने १९७८ सालीच घरच्या बिअरला मोकळीक दिली."

१९७८! म्हणजे ज्या वर्षी तिकडे अध्यक्षमहाशय माझ्या मुलासाठी दार उघडत होते, त्याच वर्षी इकडे मी स्टुलावर बसून, १९४९ चा कायदा हातात धरून तेच दार लावायला शिकत होतो. नियतीला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतो?

तर हा मुलगा दोन वर्षांनी, डिसेंबरात, तीन आठवड्यांसाठी घरी आला. त्याच्या बॅगेतून त्याच्या आईसाठी बदाम निघाले, माझ्यासाठी एक स्वेटर निघाला (नागावला!), दीड किलो माल्टची पूड निघाली आणि शेवटी एक चंदेरी पाकीट निघालं. आमच्या हिने ते नाकाजवळ नेलं, आतल्या हिरव्या-तपकिरी गोळ्या बघितल्या आणि विचारलं, "कोंबड्यांचं खाद्य आणलंस होय रे?"

ते हॉप्स होते.

हॉप्स म्हणजे काय, हे मला त्या रात्री ओटीवर बसून कळलं. तो एक वेल आहे. आपला मिरवेल पोफळीवर चढतो तसा हा उंच तारांवर चढतो, आणि ऐन उन्हाळ्यात दिवसाला फूटभरसुद्धा वाढतो म्हणे. त्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि उपयोग फक्त मादीचा. तिला हिरवी, पापुद्र्यापापुद्र्यांची बोंडं येतात आणि पापुद्र्यांच्या मुळाशी पिवळी पूड असते. सगळा कडूपणा त्या पुडीत. बोंडं वाळवून, दळून, दाबून गोळ्या केल्या की झालं कोंबडीखाद्य.

"कुठल्या कुळातलं झाड?" मी सहज विचारलं.

"भांगेच्या."

मी उठून खिडकी लावली. मुलाने खूप समजावलं, की बाबा, चुलत नातं आहे, नशा वगैरे काही नाही, लोक याच्या उशा करतात, झोप लागते म्हणून. पण चुलत नात्यात काय काय निघतं ते मला नागावात राहून शिकवायची गरज नाही. रात्रभर ते पाकीट आमच्या देवघरामागच्या फडताळात होतं आणि मी पलंगावर. उशी नसूनही झोप लागली ती हिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, की आपल्या वाडीत लावला तर येईल का हा वेल? (विचारायला काय जातं? व्हॅनिला लावून झाला होता.) तो म्हणाला, नाही. त्याला हिवाळ्यात कडक थंडीत झोपायला लागतं आणि उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस लागतो. पोर्टलंड पंचेचाळीस अक्षांशांवर, आपण साडेअठरावर. भारतात म्हणे हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात होतो. एकूण हा वेल आमच्या मुलासारखाच निघाला. तिकडे फोफावतो, इकडे तीन आठवडे तग धरतो.

आता, माल्टचं गोड पाणी उकळताना त्यात हे कडू घालायचंच कशाला, हा माझा मूळ प्रश्न. त्यावर मला जे व्याख्यान मिळालं, ते माझ्या कारकुनी शब्दांत सांगतो. एक म्हणजे, माल्ट नुसतं गोड असतं. कडूने त्याला लगाम बसतो, नाहीतर दोन घोटांत माणूस कंटाळेल. दुसरं असं, की हॉप्स आंबवणाऱ्या जंतूंना आवर घालतात. बिअरचं यीस्ट त्यांच्यात सुखाने नांदतं, पण ती आंबट करणाऱ्या जंतूंची डाळ शिजत नाही. म्हणून बिअर टिकते. आपल्या माडीचं बघा, सकाळी झाडावरून उतरवली तेव्हा गोड, दुपारी चढलेली, संध्याकाळी आंबूस, आणि दुसऱ्या दिवशी लोणच्यात घाला. म्हणून माडी कधी गावाबाहेर गेली नाही आणि बिअर जगभर फिरली.

ती आमच्याही दारावरून गेलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनच्या बो गावातला हॉजसन नावाचा बिअरवाला मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी पिंपंच्या पिंपं जहाजांवर चढवायचा. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. एवढं टिकायला त्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत. त्या जातीला अजूनही इंडियाचं नाव आहे, आणि पोर्टलंडचे लोक ती कडूजहर बिअर अभिमानाने पितात. मुंबईला जाताना ती पिंपं आमच्या खांदेरी-उंदेरीसमोरूनच गेली असणार. कान्होजी आंग्रे तोवर राहिले नव्हते, ते १७२९ सालीच गेले. नाहीतर एखादं जहाज अलिबागला ओढून आणलं असतं आणि हा कडूपणा आम्हाला दोनशे वर्षं आधी, आणि फुकट, मिळाला असता.

त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन आमच्या शेजारच्या चौलला उतरला होता. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. या देशात नारळापासून दारू करतात, ही नोंद त्याने वहीत केली. माझ्या मते या किनाऱ्यावरचा उत्पादन शुल्काचा पहिला अहवाल तो. फक्त झाडांचे नंबर लिहायला विसरला.

असो. मुलगा म्हणाला, "बाबा, जायच्या आधी एकदा इथे करू या. आपण दोघं."

मी म्हटलं, "कलम ६५."

तो म्हणाला, "फक्त बारा लिटर."

मी म्हटलं, "कलमात लिटर दिलेले नाहीत." आमच्याकडे बिअर प्यायलासुद्धा परवाना लागतो. हौस म्हणून ती घरी करण्याचा परवाना मागायला आलेला माणूस छत्तीस वर्षांत मला दिसला नाही. दिसला असता तर त्याला आम्ही आधी चहा पाजला असता आणि मग घाबरून साहेबांकडे पाठवलं असतं.

मुलगा काही बोलला नाही. पाकीट उचलून बॅगेत ठेवायला लागला. त्याची ती लहानपणापासूनची पद्धत आहे, हट्ट करायचा नाही, नुसतं आवरायला लागायचं. ही आतून म्हणाली, "अहो, एवढं मुलाने आणलंय तर कायद्यातून काहीतरी काढा की. दुसऱ्यांना काढून देत होतात."

हे खोटं आहे. पण मी विचार केला आणि कायदेशीर मत दिलं ते असं: माल्टची पूड म्हणजे खाद्यपदार्थ. पाणी म्हणजे पाणी. हॉप्स म्हणजे, समजा, काढा. ही तिन्ही एकत्र उकळण्याला कुठलंही कलम लागत नाही. दारू होते ती यीस्ट पडल्यावर. सबब, यीस्ट वगळून सर्व विधी करण्यास या कार्यालयाची हरकत नाही. तयार होईल ते माल्टचं सरबत समजून प्राशन करावं.

मुलाने यीस्टची पुडी माझ्या हातात दिली. मी ती कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली.

जायच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, मागच्या पडवीत चूल पेटली. आमच्या लग्नातला तांब्याचा हंडा हिने चिंच लावून लख्ख करून दिला. "माल्ट माल्ट काय करता?" ती म्हणाली. "मोड आणून वाळवायचं आणि दळायचं, एवढंच ना? नाचणीचं सत्त्व मी तुझ्या जन्माआधीपासून करतेय." मुलगा म्हणाला, "आई, तत्त्व तेच." तत्त्व तेच म्हटल्यावर तिने त्या अमेरिकन पुडीची चव घेतली आणि आपली बरी, असं ठरवून आत गेली.

बारा लिटर पाण्यात दीड किलो पूड विरघळली. उकळी आली. मुलाने खिशातून छोटा तराजू काढून गोळ्या मोजल्या. बरोबर वीस ग्रॅम. सोनाराच्या दुकानात असतो तसा गंभीर चेहरा. मी म्हटलं, "एवढ्याशाने काय होणार? आजी मूठभर किराईत घ्यायची." तो म्हणाला, "बघाच."

गोळ्या पडल्या आणि हंड्यातून फेसाचा डोंगर उठला. आम्ही दोघेही एकदम पुढे झालो. त्याने फुंकर मारली, मी लाकडं मागे ओढली, थोडं उतू गेलंच. पडवीत एक विचित्र वास पसरला. जरा पावसाळी गवताचा, जरा पपनसाच्या सालीचा.

"आता?" मी विचारलं.

"आता साठ मिनिटं."

हॉप्सचं रहस्य इथे आहे. नुसत्या पाण्यात टाकले तर ते फारसे कडू होत नाहीत. त्यातला कडू भाग पाण्यात धड विरघळत नाही. सतत खळखळ उकळलं की हळूहळू त्याची घडण बदलते आणि मग तो उतरतो, त्याला तास लागतो. तासभर उकळूनही त्यातला जेमतेम पाव हिस्सा उतरतो, बाकीचा वाया. आणि वासाचं नेमकं उलटं. वास पाच मिनिटांत उडून जातो. म्हणून कडूसाठी घालायचे ते पहिल्यांदा, आणि वासासाठी घालायचे ते शेवटच्या पाच मिनिटांत. तेवढा तास हंड्यापाशी बसून राहायचं, कारण पाठ फिरली की उतू जातं.

मी मनात हिशेब केला. मुलगा सोळा वर्षांचा झाल्यापासून आम्ही दोघं एका जागी साठ मिनिटं बसल्याचं मला आठवेना. तो बसला तर मी कचेरीत, मी बसलो तर तो क्लासला. मग पुणे, मग पोर्टलंड. फोनवर आमचं संभाषण ठरलेलं: "कसे आहात?" "बरं आहे. तिकडे थंडी?" "आहे. आईला देतो का?" आणि मी आईला देतो.

पहिली दहा मिनिटं आम्ही आगीकडे बघितलं. पुढची दहा आंब्याच्या मोहोरावर गेली. मोहोर यंदा उशिरा होता, त्यामुळे विषय पुरला. मग मी निकितीनच्या घोड्याची गोष्ट सांगितली. ती त्याला मी चौथीत असतानाच सांगितली होती, असं तो म्हणाला. म्हणजे तो चौथीत असताना.

पस्तिसाव्या मिनिटाला तो हंड्यात बघत म्हणाला, "वाडी विकताय?"

मी काठीने लाकूड सारलं. गोष्ट अशी होती, की मुंबईचा एक दलाल पावसाळ्यापासून फेऱ्या मारत होता. आमची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळ-सुपारीची, विहीर-रहाट असलेली. मुंबईकरांना ती तरणतलावासाठी हवी होती. आकडा ऐकून मी दोनदा विचारलं होतं, वार्षिक की एकूण. सही काही केली नव्हती. पण मुलाला कळवलंही नव्हतं. त्याला कळवलं ते त्याच्या चुलतभावाने. चुलत नात्याचं मी मघाशी म्हटलंच.

"ठरलेलं नाही," मी म्हटलं.

"मला विचारलंही नाहीत."

"दोन वर्षं आला नाहीस. कुठे विचारणार? फोनवर?"

"फोनवर विचारायला काय झालं होतं?"

"तू म्हणाला असतास, विका."

तो गप्प राहिला. हंडा खळखळत होता. मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही ठरवून टाकलंय. आता विचारलं तर वाटेल की पैशासाठी विचारतोय. म्हणून मी पण…"

त्याच क्षणी ते उतू गेलं. चांगलं तांब्याभर. चूल चरचरली, राख उडाली, दोघांच्या पायांवर थेंब पडले, आणि आतून हिचा आवाज आला, "काय सांडलं?" आम्ही दोघे एका सुरात म्हणालो, "काही नाही!" हे मात्र बऱ्याच वर्षांनी जमलं.

त्यानंतरचं बोलणं मी इथे लिहीत नाही. बरंचसं मोठ्याने झालं. मी त्याला दोन-तीन गोष्टी ऐकवल्या, ज्या मी पोर्टलंडच्या वेळेनुसार रात्री जागून तयार केल्या होत्या. त्याने मला एक ऐकवली, जी त्याने तयार केलेली दिसत नव्हती, आणि म्हणून जास्त लागली. उठून जावं असं दोघांनाही वाटलं असणार. पण अजून वीस मिनिटं होती आणि हंड्याला आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. पंचावन्नाव्या मिनिटाला त्याच्या घड्याळाने टिंग केलं, त्याने दहा ग्रॅम गोळ्या मोजल्या आणि या वेळी पाकीट माझ्यापुढे धरलं. "टाका." मी टाकल्या. फुंकरही मीच मारली.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे भाऊ आले. भाऊ भंडारी, त्यांच्याकडे तीन पिढ्यांचा माडीचा परवाना. त्यांच्या चाळीस माडांचे नंबर मला अजून पाठ आहेत. गुडघे गेले, पोरं पनवेलला गेली, आता झाडावर कुणी चढत नाही. भाऊ नाक वर करून म्हणाले, "सायब, नोकरी सुटल्यावर सुरू केलंत होय?"

"काढा आहे," मी म्हटलं.

त्यांनी पळीभर मागितला, निववला, जिभेवर घोळवला आणि अर्धा मिनिट डोळे मिटून उभे राहिले. "किराईत!" ते म्हणाले. "पण शिकलेलं."

मला वाटतं हॉप्सचं याहून चांगलं वर्णन करणं कठीण आहे. किराइताचा कडू थोबाडीत मारून उभा राहतो. हा आधी गोडाला पुढे जाऊ देतो, आणि मग मागून येऊन जिभेच्या मुळाशी हळूच बसतो. बसतो तो उठत नाही, हेही खरं.

उकळलेलं झटपट गार करावं लागतं. तिकडे त्याच्याकडे तांब्याच्या नळीचं वेटोळं आहे. इथे आम्ही हंड्याचं तोंड फडक्याने बांधला आणि दोर लावून विहिरीत कमरेइतका सोडला. एका बाजूने तो, एका बाजूने मी. सरबत भरायला भाऊंनी घरातून एक जुनं मडकं आणून दिलं. रात्री जेवणानंतर आम्ही एकेक पेला घेतला. हिने घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि मुलाच्या तोंडाकडे बघून परत उचलला. आई ही काय चीज आहे, ते मला त्या पेल्यावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मांडव्याहून रो-रोने गेला. वाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. जेट्टीवर त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "कपाटाची किल्ली आईकडे द्या, आंघोळीत हरवाल."

मडक्यात नऊ-दहा लिटर शिल्लक होतं. मी म्हटलं ओतून टाकू. ही म्हणाली, "त्याने केलेलं आहे. दोन दिवस राहू दे." दोन दिवस राहू दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती मला हलवून म्हणाली, "अहो, मडकं बोलतंय."

मी बॅटरी घेऊन गेलो. मडकं खरंच बोलत होतं. बारीक, सतत, खुसखुस, देवळात बायका कुजबुजतात तसं. फडकं उचललं तर वर पांढरा फेस आणि ओळखीचा वास. यीस्टची पुडी कपाटात, किल्ली जानव्याला. मग हे कुणी केलं?

चौकशीअंती उलगडा झाला तो असा. मडकं माडीचं. वर्षानुवर्षं माडी प्यायलेलं. भाऊंनी ते विसळून दिलं होतं, पण त्यांच्याच शब्दांत, "सायब, मडकं विसरत नाय." माडीला कुणी कधी यीस्ट घातलंय का? ती झाडावरून टपकता टपकताच लागते. हवेतून म्हणा, मडक्याच्या भोकांतून म्हणा, आमच्या किनाऱ्यावर गोड पाणी फार वेळ निरागस राहत नाही. इतकी साधी गोष्ट माडीच्या परवान्यांवर सही घेण्यात उमर गेलेल्या माणसाला कळू नये!

आता परिस्थिती गंभीर होती. निवृत्त कर्मचाऱ्याच्या राहत्या घरी, पडवीत, अंदाजे दहा लिटर बिनपरवाना मद्य. आरोपी क्रमांक एक परदेशी फरार. आरोपी क्रमांक दोन मडकं. मी सवयीने मनातल्या मनात पंचनामा लिहिला आणि नियमानुसार मुद्देमाल नष्ट करायचं ठरवलं. जागा निवडली पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या माडाची, जो मुलाच्या बारशाला लावला होता.

परंतु नष्ट करण्यापूर्वी नमुना काढावा लागतो. हा नियमच आहे, मी काय करणार? मी पळी घेतली, आजूबाजूला बघितलं, आणि सदुसष्टाव्या वर्षी, कोणताही परवाना नसताना, नमुना काढला.

माडीचा आंबूसपणा होता थोडा. गोड बहुतेक गेलं होतं. कडू मात्र होतं तसंच होतं, सगळं एकटं. गिळल्यावरही राहिलं. दात घासले तरी राहिलं. दुपारी वालाचं बिरडं खाल्लं, त्याच्यामागेही होतं. वाईट नव्हतं. बाकीचं माडाला ओतलं, त्याने तक्रार केली नाही.

रात्री फोन आला. "कसे आहात?" त्याने विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं. "तुझं ते चढलं." आणि सगळं सांगितलं, मडक्यापासून माडापर्यंत. तो इतका हसला की तिकडे त्याच्या बायकोने काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं.

"आणि चव?"

"कडू."

"फार?"

मी जरा विचार केला. "वीस जास्त होतात. आपल्या गर्मीत गोड लवकर जातं, मग कडूच उरतं. पंधरा घे. वासाचे दहा ठेव तसेच."

"पंधरा," तो म्हणाला. लिहून घेत असावा. मग विचारलं, "तो दलाल आला होता?"

"सकाळीच आला होता."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, पडवीत पाय ठेवू नका, तपास चालू आहे." तिकडे काही ऐकू येईना, म्हणून मी पुढे म्हटलं, "मेमध्ये येतोस का? पण मेमध्ये विहीर खाली जाते. हंडा पोचायचा नाही."

"लांब दोर आणू," तो म्हणाला.

"दोर इथे मिळतो," मी म्हटलं. "तू गोळ्या आण. आईला देऊ?"

"थांबा जरा," तो म्हणाला, "ते मडकं धुतलंत का?"